मे महिन्यातही टिकणारं ओव्हरक्लॉक: पीसी तापणं आणि बंद पडणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात पीसी जोडतो आणि दुरुस्त करतो. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. थंडीत लोक विचारतात, अजून किती मेगाहर्ट्‌झ वाढवू? होळी पेटली की तेच लोक विचारतात, पीसी मधेच बंद का पडतो? खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, बहुतेक त्यांच्याच शब्दांत. उत्तरं घरातल्या डेस्कटॉपसाठी आहेत, पंख्याच्या हीटसिंकवर किंवा एआयओवर (पाणी फिरवून थंड करणाऱ्या तयार कूलरवर) चालणाऱ्या.

१. मी फक्त चारशे मेगाहर्ट्‌झ वाढवले. तेवढ्याने पीसी इतका का तापतो?

नुसत्या वेगाने थोडंच तापतं. तो वेग पेलवावा म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी आग तिथे आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हिशेब करून बघा. समजा ४.४ गिगाहर्ट्‌झला १.२० व्होल्टवर प्रोसेसर १२५ वॉट घेतो. तुम्ही ४.८ केलं आणि १.३५ व्होल्ट दिलं. वेग वाढला ९ टक्के. वीज गेली १७२ वॉटच्या आसपास, म्हणजे ३८ टक्के वर. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढावी लागते.

बहुतेकांच्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट सापडते: मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) हाताने वाढवलेला आणि व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलेलं. अशा वेळी मदरबोर्ड सढळ हाताने व्होल्टेज देतो, कारण त्याला फक्त पीसी चालू राहण्याशी मतलब असतो. ते हाताने कसं लावायचं हे प्रश्न ८ मध्ये आहे.

२. किती तापमान झालं म्हणजे घाबरायचं?

आधी आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा माहीत करून घ्या. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक 'के' (वेग वाढवता येणाऱ्या) प्रोसेसरची ती १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मधल्या बहुतेकांची ९५, पण ७८००एक्स३डीची ८९. जुन्या रायझन ५८००एक्सची ९०. मर्यादेला टेकला की प्रोसेसर जळत नाही, स्वतःच वेग उतरवतो. यालाच थ्रॉटल होणं म्हणतात. तरीही तापमान चढत राहिलं तर तो पीसी सरळ बंद करतो.

रायझन ७००० जड कामात ९५ पर्यंत जाणार हे एएमडीने धरूनच बनवलं आहे, त्यामुळे मूळ सेटिंगवर तो आकडा दिसला तर तो बिघाड नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनसाठी मात्र मी माझी रेघ खाली ठेवतो: स्ट्रेस टेस्टला (पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीला) मर्यादेपेक्षा १० अंश कमी, गेममध्ये ८० च्या आत. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

३. बायोसमध्ये ५५ दाखवतं आणि विंडोजमध्ये ३८. खरं कोणतं?

दोन्ही. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डाच्या सेटिंगचा पडदा. तिथे वीज वाचवण्याच्या सोयी चालू नसतात, म्हणून प्रोसेसर रिकामा बसूनही तापतो. बायोसमधल्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. रायझनचं तापमान ब्राउझर उघडल्याबरोबर १५-२० अंशांनी उडी मारून खाली येतं, तेही नेहमीचंच आहे. पंखा सारखा घुरघुरत असेल तर बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवा.

४. मी काहीच ओव्हरक्लॉक केलेलं नाही, तरी प्रोसेसर ९५ च्या पुढे जातो. असं का?

तुम्ही केलं नसेल, बोर्डाने केलं असेल. कोअर आय७-१३७००के घ्या: मूळ वीज १२५ वॉट आणि टर्बोत जास्तीत जास्त २५३ वॉट. कित्येक बोर्ड विकत आणल्या दिवसापासून ही वरची मर्यादाच काढून टाकतात. बायोसमध्ये 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' किंवा तशाच नावाची सोय शोधून बंद करा आणि पॉवर लिमिट इंटेलच्या आकड्यांवर आणा. गेममध्ये फरक जाणवणारही नाही, तापमान मात्र ठळक उतरेल. रायझनला बायोसमध्ये 'इको मोड' असतो, तो हेच काम करतो.

५. भाऊ, हा तापतो म्हणून बंद पडतो की ओव्हरक्लॉक चुकलं म्हणून? ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. तापणं आणि अस्थिर होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की नवा एआयओ येतो आणि निळी स्क्रीन तशीच राहते.

आधी लक्षण नीट बघा. पीसी बंद पडत नाही, फक्त अडखळतो, दहा मिनिटांनी फ्रेम कमी होतात, तर ती उष्णता. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात 'येस' दिसेल. ६५-७० अंशांवरच निळी स्क्रीन येते किंवा गेम गुपचूप डेस्कटॉपवर आणून सोडतो, तर कूलर निर्दोष आहे. व्होल्टेज कमी पडतंय किंवा रॅम चुका करतेय. लाइट गेल्यासारखा एका क्षणात काळोख झाला तर प्रश्न १२ कडे जा.

निळ्या स्क्रीनवरचं नाव लिहून घ्या. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आणि 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' बहुतेकदा प्रोसेसरच्या कमी व्होल्टेजकडे बोट दाखवतात, 'मेमरी मॅनेजमेंट' रॅमकडे. मग विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर (चुकांची नोंदवही) उघडा. तिथे दिसणारी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद अनेक जण मला कारण म्हणून पाठवतात. ते कारण नाही. पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती सांगते. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) असेल तर तिच्या तपशिलात एपिक आयडी असतो, त्यावरून कोणता कोर अडला ते काढता येतं. डब्ल्यूएचईए १९ म्हणजे चूक झाली पण सावरली गेली. रायझनवर अशा नोंदी शेकड्यांनी पडत असतील तर इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या दुव्याचा, वेग जास्त झालाय.

यानंतरची चाचणी कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. बायोसमध्ये सगळं मूळ सेटिंगवर आणा, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल) हेसुद्धा बंद. दोन-तीन दिवस रोजचं काम करा. तरीही बंद पडला तर ओव्हरक्लॉकला दोष देऊ नका; एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), रॅम, केबल, ड्रायव्हर असं बघत जा. नीट चालला तर आधी फक्त रॅमचं प्रोफाइल चालू करा, मग प्रोसेसर, शेवटी ग्राफिक्स कार्ड. एका वेळी एकच बदल. वहीत तारीख, खोलीचं तापमान, वेग, व्होल्टेज, सर्वांत वरचं तापमान आणि निकाल लिहा. वहीशिवाय चौथ्या दिवशी तुम्हाला काहीच आठवणार नाही.

६. डिसेंबरात प्राइम९५ची स्ट्रेस टेस्ट रात्रभर पास झाली होती. सेटिंगला हात लावलेला नाही, मग मे महिन्यात हँग का?

कारण खोली बदलली. कूलर तापमान ठरवत नाही, तो खोलीच्या हवेपेक्षा किती वर जायचं ते ठरवतो. तुमचा प्रोसेसर पूर्ण भारावर हवेपेक्षा ५० अंश वर बसत असेल, तर डिसेंबरात रात्री १५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर होता. मे महिन्यात दुपारी खोली ४२ वर गेली की तोच ९२ वर. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे हा हिशेब आमच्याकडे कागदावरचा नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: तापलेल्या सिलिकॉनला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि त्यातून विजेची गळतीही वाढते. म्हणून ६५ अंशांवर काठावर उभं असलेलं ओव्हरक्लॉक ९२ वर कोसळतं, थ्रॉटल व्हायच्या आधीच. उष्णता आणि अस्थिरता ही दोन दुखणी जिथे एकमेकांना भेटतात ती जागा हीच.

उपाय दोन. थंडीत टेस्ट करताना पंखे मुद्दाम हळू करा, प्रोसेसर प्रश्न २ मधल्या रेघेपर्यंत येऊ द्या आणि तिथे टेस्ट पास करून घ्या. म्हणजे मे महिना डिसेंबरातच आणता येतो. आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करा. उन्हाळ्याचं १००-२०० मेगाहर्ट्‌झ कमी, व्होल्टेजही त्या प्रमाणात खाली. मी माझ्या स्वतःच्या मशीनला गुढीपाडव्याला उन्हाळी प्रोफाइल लावतो आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा बदलतो. पाच वर्षं झाली, उन्हाळ्यात एकदाही निळी स्क्रीन पाहिलेली नाही.

७. खोलीत पाण्याचा कूलर लावला तर पीसीला फायदा होईल की दमटपणाने बोर्ड खराब होईल?

कोरड्या उन्हाळ्यात फायदाच होतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच थंड असते, आणि प्रश्न ६ च्या हिशेबाने खोली जेवढी उतरेल तेवढाच प्रोसेसर उतरतो. पीसीच्या आत पाणी साचत नाही, कारण भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतात आणि दंव धरतं ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर. धोका आहे तो उडणाऱ्या तुषारांचा. बोअरच्या जड पाण्याचे थेंब कॅबिनेटमध्ये गेले तर वाळून पांढरा क्षार उरतो. कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. पीसी दुसऱ्या भिंतीला ठेवा आणि खिडकी थोडी उघडी राहू द्या.

कोकणात आणि गोव्यात हा उपाय चालत नाही. तिथे हवा आधीच ओली, ती आणखी गार होत नाही. तिथे एसी लावा किंवा वेग कमी करा. खारी हवा कॅबिनेटचे स्क्रू आणि पोर्ट गंजवते, म्हणून समुद्राच्या बाजूची खिडकी पीसीमागे नको.

८. व्होल्टेज हाताने किती द्यायचं? तुमचा आकडा सांगा, तोच लावतो.

माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन प्रोसेसरांना एकाच वेगासाठी वेगवेगळं व्होल्टेज लागतं. पद्धत सांगतो. वेग ठरवा, व्होल्टेज मोजून-मापून लावा, सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकून वेग मोजणारा प्रोग्राम) अर्धा तास चालवा. पास झालं तर ०.०१-०.०२ व्होल्टने खाली या. पडलं की एक पायरी वर. मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ ही जड टेस्ट लावा. प्राइम९५चे स्मॉल एफएफटी रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त तापवतात; ते थ्रॉटल न होता पार पडलं तर तापमानाची काळजी मिटली.

लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, बद्दल एक आग्रह. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. एलएलसी सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन ते सपाट केलं की भार सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मधली पायरी ठेवा. आणि स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटला) हीटसिंक नसेल तर व्होल्टेजचा विषयच सोडा: प्रोसेसर ७० वर असतानाही व्हीआरएम तापून वेग उतरवतो आणि लोक पुन्हा पुन्हा कूलरखालची थर्मल पेस्ट बदलत बसतात.

९. तापतोय हे नक्की झालं. नवा कूलर घेऊ का?

थांबा. आधी फुकटातल्या गोष्टी. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच टेस्ट चालवा. तापमान ८-१० अंशांनी पडलं तर कूलर चांगला आहे, कॅबिनेट गुदमरतंय. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, अशी हवा फिरायला हवी. पुढे काच असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी असतात, पण आपल्या हवामानात मी ती घेऊ देत नाही.

मग कूलर काढून बघा. तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच राहिलेली मशीन माझ्याकडे दरवर्षी येतात. पेस्ट वाळून कडक झाली असेल तर बदला. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये प्रोसेसरची पाठ किंचित वाकते आणि कूलर मधोमध नीट टेकत नाही. तिथे कॉन्टॅक्ट फ्रेम लावल्याने काही अंश मिळतात. एआयओ असेल तर पंप फिरतोय का ते आकड्यात बघा. पंप हा सगळ्या चक्रातला सर्वांत उंच भाग असता कामा नये, नाहीतर हवेचे बुडबुडे त्यातच अडकतात आणि तो खुळखुळतो.

धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

१०. एक्सएमपी चालू करणं हेही ओव्हरक्लॉकच का? ती तर रॅमवर छापलेलीच स्पीड आहे.

हो, ओव्हरक्लॉकच. रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेलं असतं, पण ती स्पीड प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला पेलेल असं कुणी वचन दिलेलं नसतं. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिक लावल्या तर ३६००. म्हणून 'दोन स्टिकवर छान चालत होता, दिवाळीच्या सेलमध्ये अजून दोन घेतल्या आणि आता रिस्टार्ट होतो' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा दोन स्टिक काढायलाच सांगतो. मोठी रॅम हवी असेल तर मोठ्या दोन घ्या, आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

रॅमची अस्थिरता सर्वांत घातक, कारण ती पीसी बंद न पाडता फायली बिघडवते. मुलीच्या बारशाचे फोटो कॉपी होताना खराब झाले आणि वर्षाने उघडले तेव्हा कळलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. रॅमच्या सेटिंगला हात लावण्याआधी बॅकअप घ्या. मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या पूर्ण चार फेऱ्या. एकही चूक चालत नाही. 'फक्त एकच एरर आला' हे इथे नापासच.

सकाळी पास आणि दुपारी नापास होत असेल तर रॅमचं तापमान बघा. डीडीआर५ स्टिकवर सेन्सर असतो. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा तिच्याकडेच चढते, आणि घट्ट टायमिंगवर (रॅमला कमी वेळ देणाऱ्या सेटिंगवर) ५०-५५ अंशांच्या पुढे चुका सुरू होऊ शकतात. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंडच असतं, म्हणून ही चूक तिथे पकडली जात नाही. विंडोजमध्ये ओसीसीटीने दोन्हीवर एकदम भार टाका.

११. चोवीस तास टेस्ट पास, पण पीसी रिकामा असताना किंवा यूट्यूब बघताना रिस्टार्ट होतो. हे कसं?

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सोयीत) सगळ्या कोरना सरसकट उणे ३० दिलं असेल. जड टेस्टमध्ये सगळे कोर मध्यम वेगावर असतात. हलक्या कामात एखादाच कोर सर्वांत वरच्या वेगावर झेपावतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. कोअरसायक्लर हा प्रोग्राम एकेका कोरची पाळी लावून टेस्ट करतो. जो पडेल त्याचा आकडा ५ ने शून्याकडे आणा. सर्वांत चांगले म्हणून खूण केलेले कोरच बहुधा आधी पडतात, कारण ते आधीच कमी व्होल्टेजवर असतात.

१२. गेमच्या ऐन रंगात एकदम काळोख. निळी स्क्रीन नाही, काही नाही. एसएमपीएस गेला का?

गेला नसेल, त्याने स्वतःला वाचवलं असेल. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं आणि एसएमपीएसचं संरक्षण पडतं. मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय पीसी सुरूच होत नसेल तर संशय पक्का. ग्राफिक्स कार्डाला एकाच केबलची दोन टोकं न लावता एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. कित्येकदा एवढ्यानेच भागतं.

मग यूपीएस. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ओव्हरक्लॉक केलेला गेमिंग पीसी आणि मॉनिटर त्याच्या बाहेर जातात. वीज डुलली की तो यूपीएसच हात टेकतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरीची वीज देतो, आणि अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना ती पचत नाही. तपासण्यासाठी एक संध्याकाळ यूपीएस वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटवर खेळा. आणि त्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळं सोडून आधी ते.

१३. ग्राफिक्स कार्डाची मेमरी वाढवली, गेम बंद पडत नाही, पण स्कोअर कमी आला. का?

नव्या मेमरीत चूक झाली की ती पुन्हा पाठवली जाते. गेम पडत नाही, पण वेळ जातो. म्हणून न पडणं म्हणजे स्थिर असणं नव्हे; ५०-५० मेगाहर्ट्‌झने वाढवा आणि स्कोअर घटला की मागे या. स्क्रीनवर ठिपके किंवा चौकोन दिसले तर मेमरी जास्त झाली, ड्रायव्हर रिसेट झाला तर बहुधा कोर. तापमान बघताना हॉटस्पॉट आणि मेमरी या ओळीही बघा, वरचा सरासरी आकडा गोड वाटतो.

१४. सेटिंग चुकलं, आता स्क्रीनच येत नाही. बोर्ड गेला का?

बहुधा नाही. डीडीआर५ असेल तर आधी दहा मिनिटं थांबा, रॅमचं ट्रेनिंग चालू असू शकतं. मग वीज काढून क्लिअर सीमॉसचा (बायोस मूळ सेटिंगवर आणणारा) जंपर जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. तरीही नाही आलं तर एकच स्टिक ठेवून सुरू करा.

१५. दोन वर्षं हीच सेटिंग चालली. तापमानही तेच. आता रोज क्रॅश. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांनी सिलिकॉन झिजतं, आणि त्याच वेगासाठी त्याला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागतं. लोक ते देतात, झीज आणखी वाढते. वेग उतरवा, व्होल्टेज वाढवू नका.

प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा असेल तर गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की हे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने ते अस्थिर होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोससोबत येणारे प्रोसेसरचे अपडेट) आले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येतो आणि कार्डावर मेमरी तर भरपूर आहे, हे त्याचं ओळखीचं लक्षण. बायोस अपडेट करा. पण अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. मूळ सेटिंगवरही क्रॅश होत असेल तर बिल शोधा आणि वॉरंटीत बदलून मागा.

१६. एक्स३डी प्रोसेसर आहे. यातलं काय लागू पडतं?

एक्स३डी म्हणजे कॅशचा जादा थर असलेले रायझन. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर बंद आहे, ९८००एक्स३डीचा उघडा. तिघांनाही कॅशचा तो थर जपायचा म्हणून व्होल्टेज ढकलू नका. ७८००एक्स३डीवर कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १५-२० आणि एक्स्पो ६०००, एवढंच करून थांबा. एक्स्पो लावल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) मात्र डोळ्यांनी तपासा. २०२३ मध्ये काही बोर्डांवर ते जास्त गेल्याने हे प्रोसेसर जळले, आणि एएमडीने १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा येण्याआधीचा बायोस असेल तर आधी तो बदला, एक्स्पो त्यानंतर.